भावी लष्करी अधिकाऱ्यांना नैतिक नेतृत्व शिकवता येतं का, की ते घरूनच यावं लागतं?

शिकवता येतं, पण व्याख्यानं देऊन नाही. मी पायदळात होतो. मधली दोन वर्षं एका लष्करी प्रबोधिनीत प्रशिक्षक होतो, कुठल्या ते राहू द्या. घरून येतं ते ‘खोटं बोलू नये’ एवढंच. एकोणीस वर्षांच्या कॅडेटची अडचण वेगळी असते. खरं बोलावं की कोर्समेटला, म्हणजे बरोबर प्रशिक्षण घेणाऱ्या सोबत्याला, वाचवावं? आणि कोर्समेटला एकटं सोडायचं नाही हे रगडा (शिक्षेची अंगमेहनत) देऊन देऊन आम्हीच त्याच्या अंगात भिनवलेलं असतं.

ब्रिटिश हिंदुस्थानचे सरसेनापती चेटवूड यांनी १० डिसेंबर १९३२ ला डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या उद्घाटनात सांगितलेला क्रम सगळ्यांना पाठ असतो: आधी देश, मग हाताखालचे जवान, सगळ्यात शेवटी आपण. त्यात कोर्समेट कुठेच नाही, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

वर्गात मी माय लाय गावच्या हत्याकांडाचं उदाहरण घ्यायचो. १६ मार्च १९६८, व्हिएतनाम. अमेरिकी सैनिक गावकऱ्यांना ठार मारत होते आणि ह्यू थॉम्प्सन या वैमानिकाने मध्येच हेलिकॉप्टर उतरवून काही जणांना वाचवलं. त्यासाठीचं सोल्जर्स मेडल हे अमेरिकी लष्कराचं पदक त्याला मिळालं १९९८ साली. ‘तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारलं की अख्खा वर्ग थॉम्प्सन होतो. म्हणून मी विचारायचो, ‘तुम्ही वर नाही, खाली प्लाटूनमध्ये आहात. कुणाला, नेमक्या कुठल्या शब्दांत थांबवाल? म्हणून दाखवा.’ इथे भले भले अडखळायचे. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा देतं, पण तो हुकूम कायदेशीर असावा लागतो. तो एक शब्द मी फळ्यावरून पुसू द्यायचो नाही.

पण खरा धडा वर्गाबाहेर झाला. रात्रीचं नॅव्हिगेशन होतं, म्हणजे अंधारात नकाशावरून वाट काढायचा सराव. प्रत्येक चेकपॉइंटवर पत्र्यावर खडूने आकडा लिहिलेला, तो कार्डावर उतरवायचा. पाऊस आला, चौथ्या पॉइंटवरचा आकडा धुऊन गेला, म्हणून रात्री एक वाजता मी स्वतः जाऊन नवा लिहिला. सकाळी पाच जणांच्या एका पार्टीच्या कार्डावर वेळ २:१० आणि आकडा जुना! पुढच्या पार्टीकडून घेतलेला, उघडच होतं.

लीडर पुढे आला. ‘सर, चूक माझी एकट्याची. यांना काही माहीत नव्हतं.’ बाकीचे चौघे त्याच्याकडे असे बघत होते की जणू पठ्ठ्याने मोर्चा जिंकलाय. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट, कारण ते देखणं असतं.

मी त्यांना सँड मॉडेलपाशी, म्हणजे त्या भागाच्या वाळूत केलेल्या प्रतिकृतीपाशी, नेलं. ‘रिपोर्टप्रमाणे २:१० ला तुम्ही टेकडीपलीकडे. खरे कुठे होता?’ एकाने नाल्यावर बोट ठेवलं. ‘ठीक. तुमच्या रिपोर्टवर भरवसा ठेवून मी आत्ता त्याच नाल्यावर तोफखान्याचा मारा मागितला.’ त्याने बोट झटकन उचललं.

आणि मग त्यातलाच एक, सगळ्यात गरीब स्वभावाचा वाटणारा, म्हणाला, ‘सर, आणि स्टॉपवॉच?’

महिन्यापूर्वी २.४ किलोमीटरच्या धावेत आमच्या स्क्वॉड्रनचा (कॅडेटच्या तुकडीचा) एक मुलगा तीन सेकंदांनी नापास होत होता. मी पास लिहिलं. मेहनती पोरगा, तीन सेकंदांनी काय बिघडतं? कुणी पाहिलं नाही अशी माझी समजूत. ते या पाचही जणांना ठाऊक होतं, बहुधा साऱ्या स्क्वॉड्रनला.

त्याच दुपारी वरिष्ठांकडे जाऊन नोंद दुरुस्त केली आणि भरपूर बोलणी खाल्ली. रविवारी रात्री त्या पाच जणांनी तो टप्पा पिठ्ठू (पाठीवरचं ओझं) घेऊन पुन्हा काढला, मीही पिठ्ठू लावून मागे चाललो. धावणारा मुलगा फेरपरीक्षेत पुन्हा नापास झाला. तिसऱ्या खेपेला पास झाला. त्या वेळी घड्याळ दुसऱ्याच्या हातात होतं, मीच मागून घेतलं होतं तसं.