अँटीव्हायरस माझ्या चांगल्या फाइल्स व्हायरस समजून उडवतोय, काय करू?

तुम्ही 'डिलीट झाली' म्हणताय ती फाइल बहुतेक डिलीट झालेलीच नसणार, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरस संशयित फाइल्स डांबून ठेवतो त्या जागेत, पडली असेल. विंडोज डिफेंडर असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी बघा, तिथे त्या नोंदीवर क्लिक केलं की अ‍ॅक्शन्समध्ये रिस्टोर दिसतं. दुसरा अँटीव्हायरस असेल तर त्यातही क्वारंटाइन किंवा व्हॉल्ट नावाचं काहीतरी असतंच. फक्त महिनोन्‌महिने थांबू नका, काही काळाने ते आपोआप साफ होऊ शकतं.

पण रिस्टोर दाबायच्या आधी त्या नोंदीत व्हायरसचं नाव काय लिहिलंय ते वाचा, हे कुणीच करत नाही. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल तर तो मशीन लर्निंगचा अंदाज असतो, म्हणजे ही फाइल नेमकी ओळखीची नाही, नुसती संशयास्पद वाटली. चुका अशातच जास्त होतात. अर्थात म्हणून फाइल चांगलीच आहे असंही नाही हं. आणि क्रॅक किंवा कीजेन (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरटी टूल्स) असेल तर माझ्याकडून रिस्टोरचा सल्ला मिळणार नाही, तिथे अँटीव्हायरस बरोबर असण्याचीच शक्यता जास्त.

माझंच सांगते. फोटोंची नावं बदलायला पायथनमध्ये चाळीसेक ओळींचं टूल लिहिलं आणि पायइन्स्टॉलर नावाच्या टूलने त्याची ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्राम फाइल, केली, तर फोल्डरमध्ये आयकॉन क्षणभर दिसायचा आणि डोळ्यांदेखत गायब! दोन तास मला वाटत होतं की बिल्डच, म्हणजे ईएक्सई बनवणंच, फसतोय. मग कोपऱ्यातलं नोटिफिकेशन दिसलं, ट्रोजन म्हणे, म्हणजे चांगल्या प्रोग्रामचं सोंग घेणारा व्हायरस. झालं असं की पायइन्स्टॉलर सगळ्यांच्या ईएक्सईला पुढे एकच लोडर (प्रोग्राम सुरू करून देणारा कोड) जोडतो, व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात, त्यात माझ्या फाइलला डिजिटल सही नाही आणि जगात ती कुणीच आधी पाहिलेली नाही, मग संशय येणारच की.

फाइल डाउनलोड केलेली असेल तर बनवणाऱ्याच्या साइटवर दिलेला एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा कोड) जुळतो का बघा, आणि व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाका, तिथे वेगवेगळ्या अँटीव्हायरसची साठ-सत्तर इंजिन एकदम तपासतात. दोन-तीन अनोळखी इंजिनच ओरडत असतील तर बहुधा खोटा अलार्म, वीस-पंचवीस ओरडत असतील तर नाद सोडा. ऑफिसची किंवा खाजगी फाइल मात्र तिथे चढवू नका, ती सिक्युरिटी कंपन्यांनाही बघता येते, नुसता हॅश शोधला तरी चालतं.

खात्री पटली की तेवढ्याच फाइलला किंवा तिच्यासाठी केलेल्या वेगळ्या फोल्डरला एक्सक्लूजन, म्हणजे तपासणीतून सूट, द्या. अख्खा डाउनलोड्स फोल्डर वगळणारे लोक पाहिलेत मी, म्हणजे घराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. डिफेंडरमध्ये 'प्रोसेस' निवडलंत तर ती प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, ज्या फाइल्स उघडते त्या सुटतात, प्रोग्रामची स्वतःची फाइल नाही, इथे भले भले फसतात. अँटीव्हायरसच बंद करून बसायचं तर मुळीच नको, डिफेंडर तसाही थोड्या वेळाने स्वतःच चालू होतो.

आणि 'एवढी मोठी कंपनी चुकेल कशी' असं वाटत असेल तर २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट ही सिस्टिम फाइल व्हायरस ठरवली होती, कॉम्प्युटर सारखे रीस्टार्ट होत बसले. २०१२ मध्ये सोफोसने तर स्वतःचाच अपडेटर पकडला!

शेवटी कंपनीला फाइल पाठवून चूक कळवा, मायक्रोसॉफ्टचा त्यासाठी फॉर्म आहे. मीही पाठवली, काही दिवसांत अलार्म गेला, मी खूश. मग एक ओळ बदलून नवीन बिल्ड केला तर हॅश बदलला आणि पुन्हा ट्रोजन. आता मी एकच ईएक्सई करायचं सोडून सुट्या फाइल्सचा फोल्डर करून देते, तेव्हापासून तरी गप्प आहे.