कॉननचा सातवा खंड: खुनी कळला, पण कसा ते कळलं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाच्याच्या कपाटातला 'डिटेक्टिव्ह कॉनन' या जपानी चित्रकथामालिकेचा सातवा खंड सहज काढून वाचलात. बेटावरचं 'मूनलाइट सोनाटा'चं (बेथोव्हेनची पियानोरचना) प्रकरण खिळवून ठेवणारं वाटलं, पण शेवटी डॉक्टरबाईच खुनी आणि त्यातही त्या बाई नव्हेतच, हे डोक्यावरून गेलं. आधीचे सहा खंड वाचले नाहीत म्हणून असं झालं का?

नाही. सहाच्या सहा खंड वाचून बसलात तरी तिथंच अडखळला असता. मीही तिथंच अडखळलो होतो. (पुढे सगळं रहस्य उघड केलंय, तेव्हा ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथंच थांबा.)

मागची माहिती लागते ती एवढीच. शिनिची कुडो हा शाळकरी वयातला हुशार डिटेक्टिव्ह. काळ्या कपड्यांतली दोन माणसं त्याला विष पाजतात, तो मरत नाही, पण त्याचं शरीर लहान मुलाचं होतं. मग तो कॉनन एदोगावा या नावानं मैत्रीण रानच्या घरी राहतो. तिचे वडील मोरी हे खासगी डिटेक्टिव्ह. कॉनन त्यांना घड्याळातल्या सुईनं झोपवतो आणि बो-टायमधल्या यंत्रातून त्यांच्या आवाजात प्रकरण उलगडतो. इंग्रजी आवृत्तीत शिनिचीचा जिमी आणि रानची रेचल झाली आहे, त्यामुळे अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी कार्टून मालिका) बघून पुस्तकाकडे वळणारे हमखास गोंधळतात. माणसं तीच आहेत. पानं मात्र उजवीकडून डावीकडे वाचायची, चौकटीसुद्धा. ते चुकलं तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो.

आता मुख्य गाठ. बारा वर्षांपूर्वी आगीत मेलेल्या आसो केइजी या पियानोवादकाच्या नावानं मोरींना पत्र येतं. बेटाचं नाव त्सुकिकागे, म्हणजेच चांदणं. अनुवादात हे नुसतं विशेषनाम राहतं, पण जपानी वाचकाला पहिल्या पानापासून सोनाटा ऐकू येत असतो. सोनाटाचे तीन भाग, तसे तीन खून. आणि गावची डॉक्टर असाई नारुमी.

जपानीत नावं चित्राक्षरांत, म्हणजे कांजीत लिहितात, आणि त्या अक्षरांना एकच ठरलेला उच्चार नसतो. 'नारुमी' हे नाव दोन अक्षरांचं: पहिल्याचा अर्थ साधारण 'होणं, पूर्ण होणं', दुसऱ्याचा 'फळ' किंवा 'सत्य'. हीच दोन अक्षरं वेगळ्या तऱ्हेनं वाचली की 'सेइजी' होतं, आणि ते मुलाचं नाव. आसो केइजीच्या मुलाचं नाव सेइजी. आजारी असल्यामुळे तो आगीच्या वेळी तोक्योच्या इस्पितळात होता म्हणून वाचला, मग असाई कुटुंबात दत्तक गेला, आणि डॉक्टर होऊन बेटावर परतला, बाई म्हणून. नाव खोटं घ्यावंच लागलं नाही. कागदावर तेच, फक्त तोंडानं वेगळं. जपानच्या सरकारी कुटुंबनोंदवहीत मे 2025 पर्यंत नावाचा उच्चार लिहीतच नसत. तेव्हा ही लेखकानं ओढूनताणून आणलेली सोय नव्हे.

आपल्याला हे का सुचत नाही? आपली लिपी लिहिलं तसं वाचायची. सीमा लिहिलं की सीमाच. 'ध चा मा' आपल्याला पाठ आहे, पण तिथं अक्षर बदललं होतं. इथं अक्षराला हातही लागलेला नाही, नुसता उच्चार फिरलाय. अनुवादक ते समजावून सांगतो खरा, पण एका चौकटीत आणि ऐन उलगड्याच्या घाईत. माझा सल्ला ऐका: ती दोन अक्षरं एका चिठ्ठीवर उतरवून घ्या, खाली दोन्ही उच्चार लिहा आणि चिठ्ठी पुस्तकात ठेवून प्रकरण पहिल्यापासून वाचा.

दुसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट लक्षात येईल. तीन बळींपैकी एक असलेल्या महापौराचा मृत्यू किती वाजता झाला हे सांगितलं कुणी? प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरनंच. खुनाच्या जागी वाजणाऱ्या सोनाटाच्या टेपवर संगीत सुरू होण्याआधी काही मिनिटांची शांतता आहे, तिचा उपयोग तेव्हाच कळतो. सगळ्यांच्या हजेरीचा हिशेब त्या एका वेळेवर मांडलाय, आणि ती वेळ खुन्याच्या तोंडून आलेली. डॉक्टर बोलले म्हणजे खरं, ही आपली सवय. लेखक आओयामांनी नेमकं तिथं बोट ठेवलंय, आणि हे त्यांनी मालिका 1994 मध्ये सुरू केल्यावर लवकरच लिहिलेलं प्रकरण आहे.

पहिल्या खंडापासून सुरुवात करावी का, तर हो, पण फक्त पहिला वाचा आणि मग हवं तिथं उडी मारा. शंभरच्या वर खंड आहेत. बहुतेक प्रकरणं तीनचार भागांत संपतात. काळ्या कपड्यांतल्या त्या दोघांच्या संघटनेची माणसं दारूंची नावं लावतात, जिन, व्होडका वगैरे. असं नाव दिसलं की थांबा, ते प्रकरण मोठ्या कथेचं आहे, मागचं ठाऊक असल्याशिवाय नीट कळणार नाही. अठराव्या खंडात एक नवी मुलगी वर्गात येते, तिथून पुढे मात्र क्रम सोडू नका.

आणि शेवटची पानं घाईनं उलटू नका. आग लागल्यावर सेइजी कॉननला खिडकीबाहेर फेकतो आणि स्वतः पियानोपाशी बसतो. प्रकरणभर एक सांकेतिक लिपी चालली होती, पियानोच्या पट्ट्यांना डावीकडून एकेक रोमन अक्षर दिलेली. तीच लिपी तो वाजवतो, आणि बाहेर उभा असलेला कॉनन ऐकता ऐकता ती उलगडतो. त्यात त्याच्यासाठी, छोट्या डिटेक्टिव्हसाठी, आभार आहेत. पुढे एका प्रकरणात कॉनन मित्राला म्हणतो की गुन्हेगाराला कोंडीत पकडून मरू देणारा डिटेक्टिव्ह खुन्यापेक्षा वेगळा नसतो. ते वाचाल तेव्हा हीच पेटलेली इमारत आठवेल.