दोन महिने बसलेला आवाज आणि ‘गाठी’ची भीती

आपण लिहिले आहे की आपण प्राथमिक शाळेत शिकवता, दोन महिन्यांपासून आवाज घोगरा आहे, शाळा सुटेपर्यंत तो जवळजवळ नाहीसा होतो, प्रतिजैविकांचे दोन कोर्स आणि आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊनही फरक नाही, आणि ‘गाठ असेल, ऑपरेशन लागेल’ असे कुणीतरी म्हटल्यापासून आपली झोप उडाली आहे. मी वाचा-उपचारतज्ज्ञ असून कान-नाक-घसा विभागाबरोबर काम करतो. आपल्याला नेमके काय झाले आहे हे मी इथून सांगू शकत नाही, आणि ज्यांनी गाठीचे भाकीत केले त्यांनाही स्वरयंत्र न पाहता ते कळणे शक्य नव्हते.

आवाज बसणे हे लक्षण आहे, आजार नव्हे. सर्दी-पडशात बसलेला आवाज बहुधा विषाणूंमुळे बसतो, एक-दोन आठवड्यांत आपोआप सुटतो आणि त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावे, आणि ते पाहिल्याशिवाय केवळ घोगरेपणासाठी आम्लपित्ताची औषधे देऊ नयेत. आपले दोन महिने नेमके या उलट क्रमाने गेले आहेत.

तपासणीची धास्ती बाळगू नये. घशात बधिर करणारा फवारा मारून तोंडातून, किंवा नाकातून पातळ लवचिक दुर्बीण घालून, काही मिनिटांत स्वरतंतू पाहता येतात. बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा कंप पावतात आणि डोळ्याला तो वेग टिपता येत नाही. म्हणून जिथे सोय असेल तिथे लुकलुकणाऱ्या प्रकाशात, म्हणजे स्ट्रोबोस्कोपीने, तोच कंप संथ झाल्यासारखा दिसतो आणि तंतूंच्या कडा नीट मिटतात की नाहीत हे कळते. (जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात हे १८५४ साली दंतवैद्याच्या आरशाने स्वतःच्याच घशात पाहणारे मान्युएल गार्सिया हे डॉक्टर नव्हते, गायनशिक्षक होते. आवाजाची चिंता आधी आवाजावर पोट असलेल्यांनाच पडते, असे मला त्यावरून वाटत आले आहे.)

आता त्या ‘गाठी’विषयी. शिक्षिकांमध्ये वारंवार आढळणाऱ्या व्होकल नोड्यूल्सना मराठीत सरसकट गाठी म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात थेट कर्करोग येतो. माझ्या मते त्यांना घट्टे म्हणणे अधिक योग्य आहे. कुदळ धरून तळहाताला घट्टे पडावेत तसे, वर्गाच्या गोंगाटावर आवाज चढवताना दोन्ही तंतू एकमेकांवर जिथे सर्वाधिक जोराने आपटतात, तिथे समोरासमोर हे घट्टे येतात. त्यांचे रूपांतर कर्करोगात होत नाही आणि त्यांच्यावरचा पहिला उपाय शस्त्रक्रिया नसून स्वरोपचार हा आहे. श्वासाचा आधार घेऊन बोलणे, मान व जबड्यातला ताण सोडवणे, पाण्यात बुडवलेल्या नळीतून हुंकार काढणे असे व्यायाम काही आठवडे नेमाने करावे लागतात. मात्र बोलण्याची सवय न बदलता घट्टे केवळ कापून काढले, तर ते पुन्हा येऊ शकतात.

एकाच तंतूवरचा पॉलिप (मऊ फुगवटा) किंवा सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) असेल तर मात्र पुष्कळदा शस्त्रक्रिया लागते. ती भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, तोंडातूनच करतात, गळ्यावर छेद नसतो. कधी दुर्बिणीत तंतू निर्दोष दिसतात आणि दोष फक्त स्नायूंच्या अतिताणाचा निघतो. कधी एक तंतू हलतच नाही. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर असे होऊ शकते, आणि डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस (चेता) छातीत महाधमनीला वळसा घालून वर येत असल्याने त्याचे कारण छातीतही सापडू शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आवाज बसला, गिळताना त्रास होऊ लागला, थुंकीतून रक्त आले किंवा मानेला गाठ लागली, तर चार आठवडेही थांबू नये. श्वास घेताना घरघर होऊ लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणी होईपर्यंत कुजबुजत बोलणे टाळावे, कारण त्याने तंतूंना विश्रांती मिळतेच असे नाही, बऱ्याच जणांचा ताण उलट वाढतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोलावे. गुळण्यांचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही आणि ज्येष्ठमध चघळून घशाला बरे वाटले तरी घट्टा त्याने विरघळत नाही. वाफ आणि पुरेसे पाणी यांचा उपयोग होतो. कमरेला लावायचा छोटा माइक वर्गात जरूर वापरावा. सहकारी हसतील, हसू द्यावे.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. स्वरोपचारासाठी मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवण दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे; खासगी उपचारतज्ज्ञाकडे जायचे असल्यास त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. जाण्यापूर्वी एकच उतारा सकाळी आणि शाळा सुटल्यावर वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, कारण तपासणीच्या वेळी सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपला आवाज तर संध्याकाळी जातो.