रानफुलांचं पुस्तक निवडताना

प्रश्न: पावसाळ्यात येऊरला जातो, तिथली रानफुलं ओळखायला पुस्तक घ्यायचं आहे. दुकानात दोन प्रकार दिसले. एकात फुलं रंगांनुसार लावली आहेत, दुसऱ्यात कुळांनुसार, म्हणजे नात्यातल्या वनस्पती एकत्र. नवख्याने कोणतं घ्यावं?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर: रंगांनुसार लावलेलं घ्या, पण प्रत्येक फुलाखाली कुळाचं नाव छापलेलं हवं. रंग दगा देतो. तेरडा गुलाबी असतो तसा पांढराही. घाणेरीच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं दिसतात. कुळं हळूहळू ओळखीची झाली की रंगांची गरज आपोआप कमी होते.

खरी परीक्षा दुकानातच घ्या, टाकळ्याचं पान उघडून. टाकळा आणि कासविंदा या दोघांचीही फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. फरक पानात आहे. टाकळ्याला पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) बहुधा तीनच जोड्या, टोकं गोलसर, बारीक ग्रंथी (फुगीर ठिपके) खालच्या पर्णिकांच्या मधे. कासविंद्याला बहुधा चार-पाच जोड्या, टोकं निमुळती, ग्रंथी देठाच्या बुडाशी. एवढं पुस्तकात नसेल, नुसता फुलाचा देखणा फोटो असेल, तर ते परत ठेवा. टाकळ्याची भाजी फूल येण्याआधीच खुडतात, तेव्हा त्या फोटोचा उपयोग शून्य. आणि कासविंद्याच्या बिया लहान मुलांना चांगल्याच बाधतात. विषारी झाडांवर स्पष्ट सूचना आहे का, हेही बघा. कळलावी सगळीच विषारी, कंद तर सर्वांत जास्त.

फोटोसोबत फुलाचं माप सेंटिमीटरमध्ये हवं. सीतेची आसवं पानभर छापली की ती जास्वंदीएवढी वाटतात!

बीजकोश (फुलातला बिया धरणारा भाग) कापून बघायला सांगणारी जाडजूड पुस्तकं सध्या नकोत. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे फूल तोडायला मनाई आहे. कास पठारावरच बेतलेलं पुस्तकही अपुरं पडेल. ते सुमारे बाराशे मीटर उंचीवर, आपल्या टेकड्या त्या मानाने बुटक्या.

गुळगुळीत आर्ट पेपरची पानं भिजली की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाई निघते. पुस्तक झिपच्या पिशवीतच न्या. शिवलेली बांधणी डिंकाच्या बांधणीपेक्षा टिकते.

प्रश्न: रद्दीवाल्याकडे जुनं पुस्तक स्वस्तात मिळतंय. चालेल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: वर्णनं शिळी होत नाहीत, शास्त्रीय नावं होतात. टाकळा जुन्या पुस्तकांत ‘कॅशिया टोरा’ असतो, आता ‘सेना टोरा’. नवं नाव पेन्सिलीने शेजारी लिहा. फोटोंचे रंग उडाले असतील तर मात्र घेऊ नका. जांभळं फूल निळं दिसेल आणि तुम्ही भलत्याच विभागात शोधत बसाल.