पोलीस कार्यालयातल्या लिपिकाला संघटनेत जाता येतं का?

प्रश्न : मी एका जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात कनिष्ठ श्रेणी लिपिक आहे. आमच्या खात्यातल्या लिपिकांची एक संघटना आहे. शिवाय सगळ्या सरकारी खात्यांची मिळून असलेली जिल्हा संघटना आणि एका राजकीय पक्षाची कर्मचारी सेना, या दोघांचे लोकही पावतीपुस्तक घेऊन येऊन गेले. आमचे प्रमुख लिपिक म्हणतात, ‘आपण पोलीस खात्यात आहोत. युनियनमध्ये गेलीस तर दोन वर्षं आत जाशील.’ माझे यजमान याच जिल्ह्यात हवालदार आहेत. माझ्यामुळे त्यांना त्रास होईल का, ही खरी भीती आहे. मी सभासद होऊ का, आणि झाले तर कुठे?

उत्तर : ताई, तुमच्या प्रमुख लिपिकांनी सांगितलेली दोन वर्षं कायद्यात खरोखर आहेत. फक्त ती तुमच्यासाठी नाहीत, तुमच्या यजमानांसाठी आहेत. कार्यालयात या दोन गोष्टींची सरमिसळ वर्षानुवर्षं चालत आली आहे, म्हणून आधी तीच सोडवू.

संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) ने सगळ्या नागरिकांना दिला. त्याच घटनेच्या कलम ३३ ने सैन्य, पोलीस अशा दलांपुरता तो कमी करण्याची मुभा संसदेला दिली. ती वापरून १९६६ साली पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या कलम ३ नुसार पोलीस दलाच्या सदस्याला परवानगीशिवाय कामगार संघटनेचं किंवा राजकीय संघटनेचं सभासद होता येत नाही, तिच्याशी ‘कोणत्याही प्रकारे’ संबंध ठेवता येत नाही, तिच्या सभेत भाग घेता येत नाही. कलम ४ मधली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण ‘पोलीस दलाचा सदस्य’ कोण, हे त्याच कायद्याने सांगून ठेवलं आहे : परिशिष्टात दिलेल्या पोलीस कायद्यांपैकी एखाद्याखाली नेमलेली किंवा भरती झालेली व्यक्ती. म्हणजे तुम्ही कोणत्या इमारतीत बसता हा प्रश्नच नाही. तुमची नेमणूक कोणत्या कायद्याखाली झाली, एवढंच पाहायचं.

तेव्हा तुमचा नेमणुकीचा आदेश आणि सेवापुस्तकाची पहिली पानं काढा. तुमच्या यजमानांना महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा) याखाली नेमलेलं आहे. त्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्यांना नेमणुकीचं प्रमाणपत्र मिळालं असेल, आणि कलम २८ प्रमाणे ते चोवीस तास कर्तव्यावर मानले जातात. त्यांना बक्कल नंबर आहे. तुम्हाला यातलं काही नसेल, आणि आदेशात १९५१ च्या कायद्याऐवजी लिपिक संवर्गाच्या सेवाप्रवेश नियमांचा उल्लेख असेल, तर माझ्या मते तुम्ही १९६६ च्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तुम्ही साध्या राज्य सरकारी कर्मचारी आहात. तुमच्या कार्यालयात टपाल पाहणाऱ्या, बिलं काढणाऱ्या बाकीच्या लिपिकांचंही हेच. बिनतारी विभागातल्या लोकांनी मात्र हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. दलाच्या संदेशयंत्रणेत काम करणाऱ्यांचा घटनेच्या कलम ३३ मध्ये वेगळा उल्लेख आहे, त्यांचे आदेश स्वतंत्रपणे पाहावे लागतील.

समोरची बाजू काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. सैन्याच्या आस्थापनांतल्या स्वयंपाकी, पहारेकरी, न्हावी, सुतार, शिंपी अशा नागरी कर्मचाऱ्यांच्या संघटना बेकायदा ठरवल्या गेल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ‘ओ. के. ए. नायर’ प्रकरणात १९७६ साली सरकारची बाजू उचलून धरली. हातात बंदूक नसली तरी हे लोक सैन्याचाच भाग आहेत, असं न्यायालय म्हणालं. एखादा हुशार आस्थापना अधिकारी हा निकाल तुमच्यापुढे टाकू शकतो. फरक असा की ते कर्मचारी मोहिमेवर, छावणीत सैन्यामागून जायला बांधलेले होते, आणि त्यांच्यावरचे निर्बंध सैन्याच्या कायद्याखालचे होते. तुमच्या बाबतीत १९६६ च्या कायद्याने स्वतःच रेघ आखलेली आहे, आणि शिक्षेचा कायदा ताणून वाचायचा नसतो.

जुन्या लोकांच्या मनातली भीती मला समजते. १८ ऑगस्ट १९८२ ची मुंबई कुणी विसरलेलं नाही. पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, नेत्यांना पहाटे उचललं, शिपाई रस्त्यावर उतरले आणि लष्कर बोलवावं लागलं. पुढे दिल्लीच्या पोलीस कर्मचारी संघाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ साली न्यायालयाने पोलिसांवरचे हे निर्बंध वैध ठरवले. पण हे दोन्ही प्रसंग खाकीतल्या माणसांचे आहेत.

आता तीन पावत्यांपैकी कोणती फाडायची?

पक्षाच्या सेनेची नको. वर्गणीची सवलत, पुढाऱ्याची ओळख, बदलीचं आश्वासन, काहीही असो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ सरकारी कर्मचाऱ्याला राजकीय पक्षापासून आणि राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनेपासून दूर ठेवतात. तिथे १९६६ चा कायदा लागला नाही तरी विभागीय चौकशी लागेल. शिवाय तुम्ही पोलीस कार्यालयात आहात. उद्या त्या पक्षाच्या मोर्चाच्या बंदोबस्ताची फाइल तुमच्याच टेबलावर असेल.

उरलेल्या दोघींत मी खात्यातली लिपिकांची संघटना आधी धरीन. पदोन्नतीची ज्येष्ठता यादी, आश्वासित प्रगती योजनेचे (बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचे) लाभ, आंतरजिल्हा बदली, हे तुमचे खरे प्रश्न, आणि ते पोलीस महासंचालक कार्यालयाशी पत्रव्यवहार करणाऱ्यालाच कळतात. वेतन आयोग आणि पेन्शनसारखे सगळ्यांचे प्रश्न मोठी संघटना लढते. तुमची खातेनिहाय संघटना तिला संलग्न असेल तर वेगळी पावती लागणारही नाही. पैसे देण्यापूर्वी संघटनेची छापील घटना, शेवटच्या निवडणुकीचं इतिवृत्त आणि ताळेबंद मागा. तो मागितल्यावर ज्यांचा चेहरा पडतो त्यांच्याकडे पैसे देऊ नका. पदाधिकारी नोकरीतलेच आहेत का, की पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले एकच गृहस्थ अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार आहेत, तेही बघा.

संघटनेला सरकारची मान्यता आहे का, हे सामान्य प्रशासन विभागाकडे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. मान्यताप्राप्त संघटनेशी सरकार बोलतं, पत्रांना उत्तर देतं. म्हणून ती बरी. मात्र मान्यता नाही म्हणून सभासद होणं गुन्हा ठरत नाही. मान्यता नसलेल्या संघटनेत राहू नका, असा केंद्राचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच ‘ओ. के. घोष विरुद्ध जोसेफ’ या प्रकरणात रद्द केला. हे जोसेफ मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातले कर्मचारी होते.

सभासद होण्यासाठी साहेबांकडे परवानगीचा अर्ज करू नका. तो केला की नाकारायची सोय होते आणि नसलेला नियम जन्माला येतो. कुणी हटकलंच तर नम्रपणे म्हणा, ‘कोणत्या नियमाने मनाई आहे तेवढं लेखी द्या.’ बहुतेक वेळा विषय तिथे थांबतो.

संपाचं वेगळं. सभासदत्व हा हक्क आहे, संप नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही हे ‘रंगराजन’ प्रकरणात २००३ साली स्पष्ट झालं, आणि वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा तुमच्यासारखे अनेक जण कात्रीत सापडले होते. सभासद असलात तरी संपावर जाण्याची कायदेशीर सक्ती तुमच्यावर नाही. आणि ‘सामूहिक रजा’ हे संपाचंच दुसरं नाव म्हणून वाचलं जातं, त्या अर्जावर सही करताना विचार करा.

सभासद झाल्याचा राग काढून मुदतीआधी बदली झाली, तर २००५ च्या बदली कायद्यातलं कलम ४ वाचा. मध्येच बदली करायची तर लेखी कारण आणि सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. दाद मागायची ती ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. कामगार न्यायालयात जाऊन वेळ घालवू नका. मुदत साधारण एक वर्षाची असली तरी बदलीच्या आदेशाला स्थगिती हवी असेल तर कार्यमुक्त होण्याआधी, त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

राहिले तुमचे यजमान. पत्नी संघटनेची सभासद आहे म्हणून त्यांच्यावर गुन्हा होत नाही. हक्क तुमचा आहे आणि तो लग्नाने जात नाही. जपायचं ते ‘कोणत्याही प्रकारे संबंध’ या शब्दांना. त्यांनी तुम्हाला मेळाव्याला गाडीवरून सोडावं, पण आत जाऊन बसू नये. मंडपाच्या फोटोत ते दिसू नयेत, गणवेशात तर मुळीच नाही. संघटनेचा व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्या फोनवर असावा, आणि त्यातला एकही संदेश त्यांच्या नंबरवरून पोलीस ठाण्याच्या ग्रुपवर जाऊ नये. पोलीस लाइनीतल्या तुमच्या क्वार्टरमध्ये संघटनेची बैठक घेऊ नका, चहापुरतीसुद्धा. आणि वर्गणी तुमच्याच बँक खात्यातून भरा. त्यांच्या यूपीआयवरून एकदा गेलेले शंभर रुपये चौकशीत ‘संबंधा’चा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतात.