ओमेगा-३ ची कॅप्सूल हार्मोनची जागा घेऊ शकते का?

पाळी थांबून दोन वर्षे झाली आहेत, हार्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते, तेव्हा हाडांची झीज रोखण्यासाठी नुसत्या ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेतल्या तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र प्रश्न बिनबुडाचा नाही, कारण हाडांच्या आत या दोन्हींचा मार्ग एका ठिकाणी खरोखरच मिळतो.

आपले हाड आयुष्यभर पोखरले जाते आणि पुन्हा भरले जाते. पोखरणाऱ्या पेशी काही आठवड्यांत एक सूक्ष्म खड्डा पाडून मोकळ्या होतात. तोच खड्डा भरायला हाड बांधणाऱ्या पेशींना मात्र तीनेक महिने लागतात. हा व्यवहार तरुणपणी तोट्यात जात नाही, कारण पोखरणाऱ्या पेशींना चेतवणाऱ्या रँकल नावाच्या प्रथिनाला इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन लगाम घालून ठेवते. पाळी गेली की तो लगाम सुटतो. माझ्या स्वतःच्या तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर (आपल्या हाडांची घनता निरोगी तरुण हाडांशी ताडून काढलेला आकडा) उणे १.८ होता आणि मणक्याचा उणे २.६, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या, अर्थात हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराच्या, उणे २.५ या सीमेपलीकडचा. मणका आधी खचतो, कारण त्यातील हाड जाळीदार असते, आणि जाळी म्हटली की पोखरायला पृष्ठभाग जास्त मिळतो.

आता स्निग्ध पदार्थांकडे वळू. ओमेगा-६ गटातील अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचे संदेशवाहक रसायन तयार करते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की हेच रँकल वाढते. ओमेगा-३ मेदाम्ले पेशींच्या आवरणात त्या आम्लाची जागा काही अंशी घेतात, त्यामुळे हे उत्पादन घटते. अंडाशय काढलेल्या उंदरांमध्ये त्यांचा उपयोग दिसला, आणि बहुतेक जाहिराती तेवढेच सांगून थांबतात.

माणसांमध्ये चित्र वेगळे आहे. युरोपातील पाच देशांत ७० वर्षे व त्यापुढील २,१५७ स्त्री-पुरुषांना घेऊन केलेल्या ‘डू-हेल्थ’ या तीन वर्षांच्या चाचणीत (निष्कर्ष २०२० चे) रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊनही मणक्याव्यतिरिक्तच्या अस्थिभंगांत ठळक घट झाली नाही. याउलट, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीमध्ये इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (त्याच्या जोडीने दिले जाणारे दुसरे हार्मोन) घेणाऱ्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, पण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढल्याने तो भाग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. आपल्या भीतीचे मूळ बहुधा तिथेच आहे. तथापि, त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत उपचार सुरू करणाऱ्या स्त्रीचा फायद्या-धोक्याचा हिशेब त्यांच्याहून बराच निराळा असतो.

याचा अर्थ आहारातील स्निग्धांश तोडावा, असाही नाही. उलट तो फार तोडला तर ड जीवनसत्त्वाचे शोषण घटते. कॅप्सूल घ्यायच्याच असतील तर घ्याव्यात, पण त्यांना औषध समजू नये. आधी हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. गुठळ्यांचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असेल तर तो डॉक्टरांना स्पष्ट सांगावा, आणि हार्मोन नको असल्यास हाडांची झीज मंदावणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांविषयी विचारावे. मी स्वतः त्याच गटातील औषध घेते.