जुन्या गोव्यातला सांता मोनिका मठ आता कशासाठी वापरला जातो? आत जाता येतं का?

आता तिथे मुख्यतः नन्ससाठी धर्मशिक्षणाची संस्था (मातेर देई, 1964 पासून) आणि ख्रिश्चन कला संग्रहालय आहे. संग्रहालयाचं तिकीट काढून आत जाता येतं. या वास्तूचा प्रवास साधारण असा: आर्चबिशप मेनेझिस यांनी 1606 मध्ये काम सुरू केलं, 1627 मध्ये ते पुरं झालं. 1636 च्या आगीत बरंच जळालं, पण लगेच पुन्हा उभारलं. तीन मजली, जांभ्या दगडाची, मधोमध चौक असलेली ही वास्तू म्हणजे जवळजवळ गढीच.

वापर खरा बदलला तो 1830 च्या दशकात. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले. इथल्या नन्सना राहू दिलं, पण नवी भरती बंद! त्यामुळे मठ हळूहळू रिकामा होत गेला. शेवटची नन 1885 च्या सुमारास वारली. पुढे काही काळ इथे पोर्तुगीज सैनिक राहत होते.

संग्रहालय मात्र मूळचं इथलं नाही. ते 1994 मध्ये राचोलच्या सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या संस्थेत) सुरू झालं आणि 2002 मध्ये इथे आलं. मठाचा राहता भाग पर्यटकांसाठी खुला नसतो, त्यामुळे सगळी इमारत बघायला मिळेल असं धरून जाऊ नका.